शब्दाच्या माघारीनंतर : व्हायोलिनवादन आणि काकुविचार

शास्त्रीय व्हायोलिनवादनाच्या मैफलींविषयी मराठीत जे लिहिले जाते त्यात दोन वाक्ये हमखास आढळतात. एक, ‘व्हायोलिन जणू गात होते’; दुसरे, ‘श्रोत्यांच्या डोळ्यांच्या कडा पाणावल्या’. पहिल्या वाक्यात कारण सांगितल्याचा भास होतो आणि दुसऱ्यात परिणाम. दोहोंमधला दुवा मात्र कोणी उलगडून दाखवीत नाही. वाद्य गळ्यासारखे वाजले म्हणून ऐकणारा हेलावला, असे क्षणभर गृहीत धरले तर एक साधी अडचण उभी राहते. प्रत्यक्ष गळा उपलब्ध असताना त्याच्या अनुकरणाने श्रोत्याने का हेलावावे? अनुकरण हेच मूल्य मानले तर उत्तम व्हायोलिनवादनालाही मूळ गाण्याच्या एक पायरी खालीच उभे राहावे लागेल. श्रोत्यांचा अनुभव याला दुजोरा देत नाही. तेव्हा ‘गाते’ हे क्रियापद प्रशंसा म्हणून ठीक असले तरी मीमांसा म्हणून अपुरे आहे, एवढे आधी मान्य करावे लागते.

साहित्याच्या अभ्यासकाला हा प्रश्न आणखी एका बाजूने अस्वस्थ करतो. आपल्याकडील रसविचार नाट्याच्या आणि काव्याच्या आधाराने वाढला. विभाव, अनुभाव आणि व्यभिचारी भाव यांच्या संयोगातून रसनिष्पत्ती होते, हे भरतसूत्र घेऊन व्हायोलिनवादनाकडे गेले की हात रिकामे राहतात. येथे दुष्यंत नाही, शकुंतला नाही, वियोगाचा प्रसंग नाही. एवढेच नव्हे, तर वियोगाचा उल्लेख करणारा शब्दही नाही. आलंबनच नसेल तर रस कोणाच्या आश्रयाने उभा राहणार? नाट्यशास्त्रात स्वरांना रस वाटून दिलेले आहेत. मध्यम-पंचमाला शृंगार-हास्य, षड्ज-ऋषभाला वीर, रौद्र आणि अद्भुत, गांधार-निषादाला करुण, धैवताला बीभत्स-भयानक. ही वाटणी मुळात नाट्यप्रयोगाच्या सोयीसाठी होती. आजच्या रागसंगीतावर ती जशीच्या तशी बसविण्याचा प्रयत्न फारसा फलदायी ठरत नाही. एकच कोमल गांधार दरबारी कानड्यात, तोडीत आणि काफीत तीन वेगळ्या मुद्रा धारण करतो, हे कोणत्याही जाणत्या श्रोत्याला ठाऊक असते.

या कोंडीतून बाहेर पडण्याची वाट काव्यशास्त्रातच सापडते. शब्दाची व्यंजकता त्याच्या वाचकतेहून वेगळी आहे हे सिद्ध करताना ‘ध्वन्यालोका’च्या तिसऱ्या उद्द्योतात आनंदवर्धनाने गीताच्या नादाचा दाखला दिला आहे. ज्या नादाला वाच्यार्थ नाही तोही रसादींची प्रतीती घडवितो, तेव्हा व्यंजना ही अभिधेची शेपूट असू शकत नाही, असा त्याचा युक्तिवाद आहे. त्याला संगीताचे सौंदर्यशास्त्र लिहायचे नव्हते, काव्याचा मुद्दा पक्का करायचा होता. तरी नवव्या शतकातील या काश्मिरी आचार्याने जाता जाता अर्थहीन नादाची व्यंजकता मान्य केली, ही गोष्ट लहान नाही. तो नाद अर्थ नसताना व्यंजक कशाच्या बळावर होतो, हे मात्र त्याने सांगितले नाही. प्रस्तुत लेखाचा विषय नेमका हा राहिलेला भाग आहे, आणि त्यासाठी व्हायोलिन हे सर्वांत सोयीचे वाद्य आहे, कारण हिंदुस्थानी संगीतात ते शब्दाच्या अगदी निकट जाऊन बसले आहे.

हे वाद्य आपल्याकडे पाहुणे म्हणून आले. कर्नाटक संगीतात त्याचा प्रवेश एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी बाळुस्वामी दीक्षितर (१७८६-१८५९) यांच्याकडून झाला. तंजावरच्या चार बंधूंपैकी वडिवेलू यांना त्रावणकोरच्या स्वाती तिरुनाळ महाराजांनी १८३४ मध्ये हस्तिदंती व्हायोलिन भेट दिले. वाद्य परके राहिले, बैठक मात्र बदलली. पाश्चात्त्य वादक उभा राहून ते हनुवटी आणि खांद्यामध्ये धरतो आणि डाव्या हातालाही वाद्याचा काही भार वाहावा लागतो. आपला वादक मांडी घालून बसतो आणि वाद्याचे टोक उजव्या पावलावर टेकवतो. या एका बदलाने डावा हात भारमुक्त झाला. बोट एका स्वरावरून दुसऱ्यावर उडी न मारता सरकत जाऊ लागले आणि मींड ही अलंकाराची बाब न राहता चालण्याची रीत झाली. चार तारा षड्ज-पंचमांच्या जोड्यांत मिळवल्यामुळे रागाचा आधारस्वर वाद्याच्या अंगातच घुमू लागला.

व्हायोलिनला पडदे नसतात, ही गोष्ट सर्वश्रुत असूनही तिचा परिणाम क्वचितच नीट तपासला जातो. हार्मोनियमवर गांधार तयार असतो. पट्टी दाबली की तो मिळतो. सतारीवर पडदा असतो आणि तार ओढून त्यापलीकडे जाता येते. व्हायोलिनवर मात्र प्रत्येक स्वर प्रत्येक वेळी नव्याने शोधावा लागतो. बोट तारेवर पडते तिथे आधीपासून कसलीही खूण नसते. आकाशवाणीने १९४० मध्ये हार्मोनियमवर घातलेली बंदी १९७१ मध्ये उठली. त्या वादातल्या राष्ट्रीय अभिनिवेशाचा भाग बाजूला ठेवला तर उरणारा खरा आक्षेप हाच होता, की त्या वाद्यात स्वर सापडत नाही, तो सापडलेलाच असतो. उजव्या हाताचे कामही असेच क्षणोक्षणीचे आहे. गजाचे केस राळेमुळे तारेला धरतात, तार ताणली जाऊन सुटते, पुन्हा धरली जाते. हे धरणे-सुटणे एका सेकंदात शेकडो वेळा घडते आणि त्यातून अखंड भासणारा नाद निर्माण होतो. एकोणिसाव्या शतकात हेल्महोल्ट्झने तारेची ही गती प्रथम नीट तपासली. छेडलेल्या तारेचा नाद जन्मतःच विझू लागतो; घासलेल्या तारेचा नाद वादकाची इच्छा असेपर्यंत जगतो, वाढतो, आक्रसतो. तो नाद टिकविण्याची जबाबदारी घेतलेला एक माणूस त्याच्यामागे सतत आहे, हे श्रोत्याला न सांगता कळते.

एवढ्याने मात्र प्रश्न सुटत नाही. सारंगीतही हे गुण आहेत, आणि हे गुण असूनही निर्जीव वाजणारे व्हायोलिन विपुल ऐकायला मिळते. गुण वाद्यात असतात. हेलावणे वादनात घडते. म्हणून आता एका विशिष्ट वादनपरंपरेकडे वळले पाहिजे.

एन. राजम यांचा जन्म १९३८ चा. वडील ए. नारायण अय्यर यांच्याकडे त्यांचे कर्नाटक पद्धतीचे शिक्षण झाले, टी. एन. कृष्णन हे त्यांचे बंधू. पुढे त्यांनी पंडित ओंकारनाथ ठाकूर (१८९७-१९६७) यांचे मार्गदर्शन घेतले आणि बनारस हिंदू विश्वविद्यालयात सुमारे चार दशके अध्यापन केले. त्यांच्या वादनाला ‘गायकी अंग’ म्हटले जाते आणि ते नाव आता इतके रूढ झाले आहे, की त्यात नेमके काय सांगितले आहे हे विचारण्याची गरज कोणाला वाटत नाही. ओंकारनाथ हे विष्णु दिगंबर पलुसकरांचे शिष्य. दुसऱ्या बाजूला मुंबईत डी. के. दातार (१९३२-२०१८) यांनी गायकी अंगाचे व्हायोलिन घडविले. विष्णु दिगंबरांचे पुत्र दत्तात्रय विष्णु पलुसकर यांची साथ त्यांनी केली होती. म्हणजे काशी आणि मुंबई येथील हे दोन्ही प्रवाह कुरुंदवाडच्या एकाच पुरुषापाशी, आणि त्याच्यामार्फत ग्वाल्हेरच्या बंदिशप्रधान गायकीपाशी जातात. बंदिशीचा शब्द स्पष्ट, अस्ताई-अंतरा भरीव, मुखडा ठसठशीत, ही त्या गायकीची शिस्त. अशा शब्दनिष्ठ परंपरेतून शब्दहीन वादन निघावे, यात वरवर विसंगती दिसते. उकल मात्र याच विसंगतीत आहे.

ओंकारनाथांच्या गायनात आणि विवेचनात काकुला मोठे स्थान होते. काकु म्हणजे उच्चारातला तो बदल, ज्याने शब्द तेच राहून आशय पालटतो. ‘तो आला’ हे विधान, प्रश्न, सुटकेचा निःश्वास किंवा धास्ती यांपैकी काहीही होऊ शकते. अक्षरे बदलत नाहीत, बदलते ती काकु. नाट्यशास्त्रात पाठ्याच्या विवेचनात तिचे दोन प्रकार सांगितले आहेत, साकांक्ष आणि निराकांक्ष. वाक्याचा अर्थ अजून पुरा व्हायचा आहे हे सुचविणारी ती साकांक्ष, आणि पुरा झाला हे सुचविणारी निराकांक्ष. आता शब्द काढून घेतले तर काय उरेल? वाच्यार्थ जाईल, पात्र जाईल, प्रसंग जाईल. ‘अजून व्हायचे आहे’ आणि ‘झाले’ यांतला भेद मात्र जाणार नाही, कारण तो अक्षरांत नव्हताच. तो सुरांच्या चढउतारात, दाबात आणि विरामात होता. गायकी अंगाच्या व्हायोलिनमध्ये शब्द माघार घेतो आणि काकु मागे राहते. श्रोता हेलावतो तो या उरलेल्या काकुमुळे.

हे विधान मुखड्याच्या उदाहरणाने तपासता येईल. समजा, एका विलंबित ख्यालाच्या मुखड्यात सात अक्षरे आहेत, त्यांपैकी एक जोडाक्षर आहे आणि शेवटचे अक्षर समेवर येते. गायकी अंगाचा वादक हा मुखडा वाजवितो तेव्हा प्रत्येक अक्षराच्या आरंभी, म्हणजे व्यंजनाच्या जागी, गजाची दिशा तरी बदलते किंवा त्याचा दाब किंचित वाढून कमी होतो. जोडाक्षरावर तो दाब अधिक असतो. स्वराक्षर लांबत असेल तर गज अखंड चालतो. आकाराची तान असेल तर अनेक स्वर एका गजात बसतात आणि बोलतान असेल तर गज तुटक होतो. गजाची लांबी साधारण पाऊण मीटर. ती संपली की त्याला वळावेच लागते. गायकाला श्वास घ्यावा लागतो तसा हा गजाचा श्वास. चांगला वादक हे वळण शब्दाच्या सांध्यावर आणतो, सामान्य वादकाचे ते शब्दाच्या पोटात येते. बंदिश न येणाऱ्या श्रोत्यालाही दुसऱ्या प्रकारात काहीतरी मोडल्याचे जाणवते, मात्र काय मोडले हे त्याला सांगता येत नाही.

पुढे प्रत्येक आवर्तनाच्या शेवटी तोच मुखडा, गजाच्या त्याच आकृतीसह, परत येतो. तिसऱ्या-चौथ्या खेपेला श्रोत्याला हे एक वाक्य आहे अशी खात्री वाटू लागते. कोणते वाक्य ते त्याला माहीत नसते. व्रजभाषा न समजणाऱ्या श्रोत्याच्या बाबतीत तर ते कधीच कळणार नसते. परंतु कोणीतरी काहीतरी म्हणत आहे, पुन्हा पुन्हा म्हणत आहे आणि दर वेळी थोड्या निराळ्या मनाने म्हणत आहे, हे त्याला निःसंशय ऐकू येते. बढत जसजशी तार षड्जाकडे सरकते तसतसे त्याच मुखड्याचे परतणे बदलते. आधी तो सहज येत असे. आता तो दूरवरून, उशिरा, जवळजवळ उसना धीर आणून आल्यासारखा येतो. स्वर तेच असतात आणि काकु पालटलेली असते.

येथे अनुकरणवाद्यांचा एक बचाव संभवतो. काकु गळ्याची, वाद्याने ती उचलली, म्हणजे शेवटी अनुकरणच झाले, असे ते म्हणू शकतील. याचे उत्तर तेराव्या शतकात शार्ङ्गदेवाने देऊन ठेवले आहे. ‘संगीतरत्नाकरा’च्या प्रकीर्णकाध्यायात काकुचे सहा प्रकार सांगितले आहेत : स्वरकाकु, रागकाकु, अन्यरागकाकु, देशकाकु, क्षेत्रकाकु आणि यंत्रकाकु. क्षेत्र म्हणजे शरीर. गाणाऱ्याच्या देहाची ती क्षेत्रकाकु आणि वाद्याची ती यंत्रकाकु. वाद्याला स्वतःची काकु आहे आणि ती देहाच्या काकुहून वेगळी मोजावी लागते, हे या वर्गीकरणात गृहीतच धरलेले आहे. आपल्या समीक्षेने हा भेद सोडून दिला आणि ‘गायकी’ व ‘तंतकारी’ अशी दोन खाती पाडून काम चालविले. वामनराव देशपांड्यांनी ‘घरंदाज गायकी’त (१९६१) स्वर आणि लय या दोन टोकांमध्ये घराण्यांची मांडणी केली. ती मांडणी कंठसंगीतापुरती अतिशय उपयुक्त आहे. वाद्याच्या काकुला तिच्यात जागा नाही, आणि तशी ती असावी अशी अपेक्षाही करणे गैर आहे.

यंत्रकाकुचे सामर्थ्य सर्वांत स्पष्ट जाणवते ते आंदोलित स्वरांत. दरबारी कानड्याचा कोमल गांधार घ्यावा. तो स्थिर उभा राहत नाही. ऋषभाकडे झुकत, संथपणे हेलकावत राहतो आणि अवरोहात मध्यमाला स्पर्शून वळसा घेत ऋषभावर व षड्जावर उतरतो. पाश्चात्त्य वादनातील स्वरकंप हा स्वराच्या केंद्राभोवती होणारा जलद, बव्हंशी नियमित थरार असतो आणि स्वराला उजळा देतो. दरबारीतील आंदोलन याहून मूलतः भिन्न आहे. त्यात स्वराचे केंद्रच अनिश्चित ठेवलेले असते. व्हायोलिनवर तो गांधार ऐकताना श्रोत्याला बोटाचा प्रवास ऐकू येतो. बोट स्वराच्या खाली पोचते, थांबते, वर जाऊ लागते, पुरते जात नाही, परत फिरते. गायकाच्या गळ्यातही हे घडते. पण तिथे अक्षराचा आधार असतो आणि श्रोत्याचे अर्धे लक्ष त्या अक्षराकडे असते. येथे लक्ष वळविण्यासारखे दुसरे काहीच नाही. आकांक्षा तेवढी उघडी पडते. त्यानंतर येणारा षड्ज हा निराकांक्ष काकुचा स्वर. तो वेळेच्या आधी आला तर काहीच घडत नाही, फार लांबविला तर श्रोता कंटाळतो. मोठ्या वादकाचे मोठेपण या दोहोंमधली अरुंद जागा रोज नव्याने हुडकण्यात असते. ती जागा कालच्या मैफलीत होती तिथे आज असत नाही.

याला पाश्चात्त्य विचारातून थोडा आधार मिळतो. लिओनार्ड मेयर यांनी १९५६ मधील ग्रंथात संगीतातील भावनेचा उगम अपेक्षा आणि तिच्या लांबणीत शोधला. जॉन स्लोबोडा यांनी १९९१ साली प्रसिद्ध केलेल्या पाहणीत श्रोत्यांना अश्रू येण्याच्या जागा तपासल्या, तेव्हा त्या बऱ्याचदा शेजारच्या स्वरावर रेलून मग मूळ स्वरावर उतरणाऱ्या आकृतीपाशी सापडल्या. हान्सलिकने १८५४ मध्ये संगीताचा आशय म्हणजे गतिमान नादाकृती अशी भूमिका घेऊन भावनेला बाहेर ठेवले होते. आपल्याकडे मर्ढेकरांनी संवाद, विरोध आणि समतोल या लयतत्त्वांनी कलाकृतीची घडण स्पष्ट केली. या दोन्ही भूमिकांचा धाक आजही उपयोगी आहे, कारण त्या समीक्षकाला उसासे टाकू देत नाहीत. परंतु समतोल हा संपूर्ण आकृतीचा गुण आहे आणि श्रोत्याजवळ संपूर्ण आकृती कधीच नसते. त्याच्याजवळ गेलेले आवर्तन असते आणि न आलेली सम असते. हेलावणे घडते ते या मधल्या वेळात.

कर्नाटक संगीताचा दाखला येथे क्षणभर घ्यायला हवा. तेथील श्रोत्याला कृतीचे साहित्य बहुधा पाठ असते, आणि लालगुडी जयरामन (१९३०-२०१३) यांची शैली गज साहित्याच्या अक्षरांनुसार चालविण्याबद्दल विख्यात आहे. तिथे शब्द माघार घेतच नाही; श्रोता तो मनात म्हणत असतो. त्याची आर्द्रता निराळी, परिचिताच्या भेटीची. हिंदुस्थानी श्रोता अपरिचिताचे बोलणे ऐकतो.

शब्द नसला की तो बाहेरून आणून पुरविण्याची मनुष्याला विलक्षण ओढ असते. योहान सेबास्टियन बाखच्या एकल व्हायोलिनसाठी लिहिलेल्या डी मायनरमधील दुसऱ्या पार्टिटाचा शेवटचा भाग, ‘शाकोन’ हे याचे ठळक उदाहरण. चार मापांच्या एका आधारावर सुमारे पंधरा मिनिटे रचना वाढत जाते. मध्ये ती मेजरमध्ये उजळते आणि पुन्हा मायनरमध्ये परतते. बाखच्या हस्तलिखितावर १७२० हे वर्ष आहे आणि त्याच वर्षी, तो परगावी असताना, त्याची पत्नी मारिया बार्बरा वारली. या दोन गोष्टी जोडून ही रचना तिच्या स्मरणार्थ असल्याचे अनेकदा सांगितले जाते. रचना त्याआधीची असणेही शक्य आहे. हस्तलिखितावरचे वर्ष प्रत तयार झाल्याचे असते. मुद्दा खऱ्याखोट्याचा नाही. मेजरमधून मायनरमध्ये परतण्याच्या त्या जागी ज्याला गलबलून येते त्याला त्या गलबल्याचे आलंबन हवे असते, आणि चरित्र ते आयते देते. कथा ऐकल्यावर रचना अधिक करुण वाटते हे मान्य केले, तरी ती कथा शोधण्याची निकड रचनेनेच निर्माण केली होती हे विसरता येत नाही. कार्य आणि कारण यांची अदलाबदल रसिकाला माफ असते. समीक्षकाने ती करू नये.

याच ‘शाकोन’शी निगडित अलीकडचा एक प्रसंग सहृदयाच्या चर्चेसाठी उपयोगी पडतो. १२ जानेवारी २००७ रोजी विख्यात वादक जोशुआ बेल याने वॉशिंग्टनच्या एका मेट्रो स्थानकात, साध्या वेषात, १७१३ सालच्या स्ट्रॅडिव्हेरियस व्हायोलिनवर ४३ मिनिटे वादन केले. आरंभच या रचनेने केला. एका वृत्तपत्राने योजलेला हा प्रयोग होता. १,०९७ माणसे समोरून गेली; मिनिटभर तरी थांबली ती सात. यावरून आधुनिक माणसाच्या रुक्षपणावर पुष्कळ हळहळ व्यक्त झाली. ती थोडी घाईची आहे. समोरून चाललेल्या माणसाच्या कानी पडतात ते काही सेकंद, आणि काही सेकंदांत नाद ऐकू येतो, वाक्य ऐकू येत नाही. आकांक्षा निर्माण व्हायला आणि पुरी व्हायला वेळ लागतो. आरंभ हुकलेल्याला शेवट हा शेवट वाटतच नाही. अभिनवगुप्ताने सहृदयाच्या ठिकाणी तन्मयीभवनाची योग्यता मागितली ती काव्याच्या सततच्या परिशीलनाने आलेली. त्या योग्यतेत बसून राहण्याचाही समावेश करावा लागेल. कचेरीची वेळ गाठायची असलेला रसिक हा त्या क्षणापुरता सहृदय नसतो. त्यात त्याचा दोष नाही आणि बाखचाही नाही.

भारतीय श्रोत्याच्या कानाला याउलट एक वेगळी सवय लागली आहे आणि ती अधिक चिंतेची आहे. हिंदी चित्रपटसंगीताने व्हायोलिनच्या ताफ्याला दुःखाची खूण करून टाकले. त्या वाद्यवृंदांत गोव्याच्या वादकांनी अतिशय कष्टाचे आणि दर्जेदार काम केले. माजोर्ड्याच्या अँथनी गोन्साल्विस यांच्यासारख्यांनी तर रागसंगीत आणि पाश्चात्त्य वाद्यवृंद यांचा मेळ घालण्याचे मोठे स्वप्न पाहिले. दोष त्यांचा नव्हे. पण पडद्यावर आई आजारी पडली की व्हायोलिन, पत्र फाडले की व्हायोलिन, असे दशकानुदशके घडल्यावर त्या नादाचा आणि शोकाचा संबंध संकेताने पक्का झाला. संकेत म्हणजे अभिधाच. ज्या नादाला वाच्यार्थ नाही म्हणून आनंदवर्धनाने साक्षीला बोलावले, त्यालाच आपण एक वाच्यार्थ चिकटवून बसलो. याचा परिणाम मैफलीतही दिसतो. काही वादक प्रत्येक स्वरावर घसरत येतात, प्रत्येक न्यासावर थरथरतात, आणि श्रोता लगेच मान हलवितो. हे हुंदक्याचे चित्र असते. साकांक्ष काकु सर्वत्र वापरली की ती कुठेच साकांक्ष राहत नाही. राजम यांच्या वादनात जे पुष्कळ काळ सरळ उभे राहणारे स्वर आहेत, काहीही न करणारे, केवळ गज शांतपणे चालत असलेले, त्यांचे महत्त्व अशा वेळी कळते. त्या सरळ स्वरांमुळे पुढची एक मींड ऐकू येते.

‘डोळ्यांच्या कडा पाणावल्या’ या दुसऱ्या वाक्याकडेही याच संदर्भात परतावे लागते. हेलावणे म्हणजे करुण, हे समीकरण आले कोठून? काही अंशी चित्रपटांतून, काही अंशी आपल्या भक्तिपरंपरेतील आर्ततेच्या ओढीतून. त्यामुळे विष्णु गोविंद जोग (१९२२-२००४) यांच्यासारख्या वादकाला आपली समीक्षा तयारी, गजावरचे प्रभुत्व, लयकारी अशी प्रशस्तिपत्रे देऊन ‘भावा’च्या दालनाबाहेरच थांबविते. जोग लखनौच्या भातखंडे परंपरेत श्री. ना. रातंजनकरांकडे शिकले, अल्लाउद्दीन खाँ यांचेही मार्गदर्शन त्यांना लाभले आणि पुढे त्यांची कर्मभूमी कलकत्ता झाली. त्यांच्या वादनात गज वाक्य म्हणण्यापेक्षा वाक्य टाकतो. छंद मात्रेच्या आड जातो, तबल्याशी बोलाचाली होते, तिहाई भलत्याच दिशेने निघून नेमकी समेवर येते. येथेही आकांक्षा आहेच. किंबहुना ती अधिक उघड आहे. पुरी होण्याची रीत मात्र वेगळी. करुणात आकांक्षा श्रोत्याला माहीत असलेल्या जागी, उशिरा पुरी होते. अद्भुतात ती वेळेवर, पण अनपेक्षित वाटेने पुरी होते. श्रोत्याच्या तोंडून नकळत ‘वा!’ निघते तेव्हा तोही हेलावलेलाच असतो. भरताने विस्मय हा स्थायीभाव मानला, हे आपण सोयीस्करपणे विसरतो. गजाननराव जोशी (१९११-१९८७) हे तर गवई आणि व्हायोलिनवादक दोन्ही होते, आणि ‘वाद्याने गाणे’ व ‘वाद्याने वाजविणे’ हा वाद एकाच माणसाच्या दोन हातांत कसा नांदत असेल याचा विचार त्यांच्याविषयी लिहिणाऱ्यांनी फारसा केलेला नाही.

जोग आणि बिस्मिल्ला खाँ यांच्या जुगलबंद्या ध्वनिमुद्रिकांच्या रूपाने उपलब्ध आहेत. काकुच्या अभ्यासाला त्यांच्याइतके सोयीचे साहित्य क्वचित मिळेल. शहनाई आणि व्हायोलिन, दोन्ही शब्दहीन. दोघांचा राग एक, ताल एक, आणि पुष्कळदा मुखडाही एकच. शहनाईचा स्वर श्वासावर जगतो आणि व्हायोलिनचा गजावर. खाँसाहेबांनी टाकलेले वाक्य जोग उचलतात तेव्हा स्वर तेच येतात आणि म्हणणे बदलते. जिथे शहनाईत फुंकेने फुगवटा येतो तिथे गज सपाट जातो. जिथे शहनाई जिभेने स्वर तोडते तिथे गज उलटा फिरतो. एका वाद्यातला प्रश्न दुसऱ्यात ठामपणा होऊन परततो, आणि कधी दुसऱ्यातला ठामपणा पहिल्यात पुन्हा प्रश्न होतो. गळा यात कुठेच नसतो, आणि इतका वेळ ऐकूनही त्याची आठवण होत नाही.